सर्व्हिस सुरू होत नाही? नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

साहित्य : एक लिनक्स सर्व्हर, विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिलेली एक स्टार्टअप स्क्रिप्ट आणि "झालं का?" असं विचारणारे साहेब. साहेब प्रत्यक्ष हजर नसतील तर फोनवरचे चालतील.

सर्व्हिस सुरू करा. होणार नाही. मग घाईघाईने पुन्हापुन्हा सुरू करून बघा. आता सिस्टिमडी म्हणेल, "स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली". हा बिघाड नव्हे, तुमच्या उतावीळपणावरचा शेरा आहे. मुळात ठरवून दिलेली मर्यादा दहा सेकंदांत पाच प्रयत्नांची. ती ओलांडली की सिस्टिमडी ऐकूनच घेत नाही. नवशिके नेमकी हीच शेवटची ओळ गूगलवर शोधत बसतात. तुम्ही 'सिस्टिमसीटीएल रिसेट-फेल्ड' द्या आणि जर्नल वर सरकवा.

वर खरी तक्रार सापडेल. खरी म्हणजे, जरा कमी खोटी : "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी", सोबत 203 हा आकडा. एलएस मारा. फाइल आहे. पुन्हा मारा. आहेच. या टप्प्यावर परवानगी 777 करण्याची प्रथा आहे. त्याने सर्व्हिस सुरू होत नाही. मनाला तेवढं बरं वाटतं आणि स्क्रिप्ट कुणीही बदलू शकतं.

खरं तर कर्नलला तुमची फाइल केव्हाच सापडलेली असते. सापडत नाही तो बॅश. नोटपॅड प्रत्येक ओळीच्या शेवटी 13 आणि 10 असे दोन बाइट ठेवतं. लिनक्सला एकटा 10 पुरतो. उरलेला 13 पहिल्या ओळीतल्या बॅशच्या पत्त्याला शेपटासारखा चिकटतो. कर्नल मग त्या शेपटासकट नावाचा प्रोग्रॅम शोधतो आणि तो कुठेच नसल्यामुळे 2 हा एरर नंबर परत करतो. स्क्रिप्ट नसली तरी 2, ती चालवणारा नसला तरी 2. नक्की कोण हरवलंय, हे त्या आकड्यावरून कळायची सोय नाही. पुढे सिस्टिमडी छापताना नाव मात्र तुमच्या स्क्रिप्टचं घेतं.

'कॅट'ला मोठ्या लिपीतला ए जोडून फाइल बघा. ओळींच्या शेवटी डॉलरच्या आधी टोपीवाला एम दिसला की चोर सापडला. 'डॉसटूयुनिक्स' चालवा, सर्व्हिस सुरू करा.

यानंतर "परमिशन डिनाइड" आलं, तर एसईलिनक्सचं लेबल बघा, डिस्क नोएक्झेक माउंट केली आहे का तेही बघा. आणि ते 777 कृपा करून परत 755 करा.