पहिलं गाणं

मुरबाड ही माझी सासुरवाडी असल्यामुळे आम्ही दर रविवारी तिकडे का जातो, हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारत नाही. शहापूरहून किन्हवली, सरळगाव, मुरबाड असा रस्ता. तासाभराचा. पावसाळ्यात तास किती मिनिटांचा, ते खड्डे ठरवतात. एवढ्या वेळात आपल्या आवडीचं चार मिनिटांचं एक गाणं पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत ऐकायला मिळावं, एवढीच माझी इच्छा आहे. लोक मर्सिडीज मागतात.

गाडी जुनी आहे. घेतली तेव्हाही जुनीच होती. आधीच्या मालकाने टेपमध्ये एक कॅसेट ठेवली होती. म्हणजे ती अडकली होती. गाणी वाजवायचं एखादं सुटसुटीत यंत्र घ्यावं, हा विचार मात्र गाडीहूनही जुना. आयपॉड 2001 साली आला तेव्हा मी म्हटलं, किंमत जरा उतरू दे. 2022 साली कंपनीने तो बंदच केला. मी घाईने काही घेत नाही.

“फोनवर लावा की भावोजी,” असं मेहुणा म्हणतो. तो डोंबिवलीला राहतो. डोंबिवलीच्या माणसाला रेंज म्हणजे हवेसारखी, सगळीकडे असते असं वाटतं. आमच्याकडे किन्हवली मागे पडली की गाणं थांबतं आणि पडद्यावर एक चक्र गरगरत राहतं. आई त्याला जातं म्हणते. “बंद कर रे ते जातं, पीठ काही पडत नाही.” आता तक्रार तरी कुठे करणार? आमच्या तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. तानसा 1892 पासून मुंबईला पाणी पाजतोय आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर येतो. डोळ्यांना दिसतं ते आपल्या वाट्याला येतंच असं नाही, एवढी समज तालुक्याला आहे. टॉवरही डोंगरावर छान दिसतो.

म्हणून गाणी पोटात घेऊन फिरणारं यंत्रच हवं. पण ते निवडायचं कसं? म्हशाच्या जत्रेत बैल घेताना लोक दात बघतात, खांदा चाचपतात, चार पावलं चालवून बघतात. यंत्र टणक प्लास्टिकच्या वेष्टणात बसलेलं असतं. वाजवून दाखवा म्हटलं तर दुकानदार म्हणतो, “सील फोडलं की माल तुमचा.” (ते सील कात्रीला दाद देत नाही. शेवटी विळी घ्यावी लागली.) आतून जे निघालं त्याला गोल पिनीची वायर लागत होती. माझ्या गाडीला ते भोकच नव्हतं. माल माझा झाला होता.

दुसरं यंत्र लायटरच्या भोकात बसणारं. त्यात चिप घालायची. मग ते आपल्यापुरतं बारीकसं रेडिओ केंद्र चालवतं आणि गाडीचा रेडिओ ते पकडतो. फक्त जिथे दुसरं कुणी बोलत नाही असा आकडा शोधून लावायचा. सरळगावच्या आसपास असे आकडे पैशाला पासरी. पण कल्याणच्या बाजूला वळलं की त्याच आकड्यावर मुंबईचं खरंखुरं स्टेशन येऊन बसतं. एकदा अभंग ऐन रंगात आला असताना मध्येच एक बाई सांगू लागली, की शहापुरात, मुंबईपासून अवघ्या दीड तासावर, शुद्ध हवेत तुमचा स्वतःचा प्लॉट तुमची वाट पाहतोय. आईचे हात जोडलेलेच होते. तिने ते तसेच ठेवले.

शेवटी टेपच बदलला. नव्या टेपात टेप नसतो, तरी आमच्याकडे त्याला टेपच म्हणतात. त्याला पेनड्राइव्ह लागतो. मी मोठ्या मनाने 64 जीबीचा आणला. टेपने तो ओळखायलाच नकार दिला. मोबाइलच्या दुकानातला पोरगा म्हणाला, “काका, तो फॉरमॅट तुमच्या टेपला नाही चालत, फॅट थर्टीटू लागतो. सोळावाला घ्या ना.” मग विचारलं, “मिक्स मारू की नुसती हळद?” आमच्या भागात हळद हा आधी संगीताचा प्रकार आहे, मग मसाल्याचा. मी म्हटलं, जुनी मराठी भर. त्याने 2015 पासूनची भरली.

साधारण एका मिनिटाच्या गाण्याला एक एमबी लागतो. म्हणजे सोळा जीबीत सोळा हजार मिनिटं, अडीचशेहून जास्त तास. दर रविवारी जाऊन-येऊन दोन तास धरले, तर एकही गाणं पुन्हा न ऐकता अडीच वर्षं जातील, असा हिशेब मी बायकोला दाखवला. त्यानंतर आजपर्यंत आम्ही एकच गाणं ऐकलं आहे. यादीतलं पहिलं. गणपतीची आरती.

कारण असं, की टेपला दोन वायरी असतात. लाल चावीला द्यायची आणि पिवळी कायम बॅटरीला. पिवळी म्हणजे टेपची आठवण. आमच्या मिस्त्रीने दोन्ही पिळून एकत्र चावीला दिल्या. चावी फिरवली की टेपला सगळ्याचा विसर पडतो आणि तो नव्याने श्रीगणेशा करतो. पंपावर थांबा, आरती. किन्हवलीला भाजी घ्या, आरती. खड्ड्यात पेनड्राइव्ह हलला तरी आरती. म्हणजे तीही पुरी होत नाही. आईने सुरुवातीला प्रत्येक वेळी टाळ्या धरल्या. आता ती नुसती मान हलवते. नाक्यावरचा वडेवाला आमची गाडी दिसली की “मोरया” म्हणतो.

मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, “मालक, पिवळी डायरेक्ट दिली आणि बॅटरी उतरली, तर धक्का कोण मारणार?” मागच्या वेळी मेहुण्याने मारला होता आणि ते त्याने पुढे चार लग्नांत सांगितलं. मी पिवळी होती तिथेच राहू दिली.

गेल्या रविवारी सरळगावच्या अलीकडे पुढे एक टेम्पो लागला. मागे दोन भलेमोठे स्पीकर, हळदीला निघालेला. रस्ता अरुंद, समोरून एसटी, त्यामुळे ओव्हरटेक करायची सोय नव्हती. आमची आरती त्यात कुठल्या कुठे गेली. त्याच्या मागून दुसऱ्या गिअरमध्ये आम्ही एक अख्खं गाणं ऐकलं. सुरुवात, कडवी, मधली ढोलकी, शेवट, सगळं. खड्ड्यांतसुद्धा ते कुठे अडखळलं नाही.

टेम्पो एका पाड्याकडे वळला तेव्हा बायको म्हणाली, “अहो, हे चांगलं होतं. हेच भरून आणा.”