दुःखाची रॉयल्टी

2011 च्या पावसाळ्यात आमच्या घरात एक इंग्रज बाई दिवसातून किमान वीस वेळा रडायची. पुतणी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि आमच्याकडे राहून कॉलेज करत होती. तिचं कुठेतरी काहीतरी बिनसलं होतं. काय, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. पण दाराला आतून कडी, जेवायला हाक मारली की ‘भूक नाही’ आणि स्पीकरवर एकच गाणं, एवढ्या पुराव्यावर घरातल्या मोठ्यांनी निदान केलं. तिसऱ्या दिवशी आई गवार मोडता मोडता थांबली आणि म्हणाली, “अरे, ह्या बिचारीचं गेलं तरी कोण?”

कुणी गेलं नव्हतं. म्हणजे गेला होता, पण आई समजत होती त्या अर्थानं नव्हे.

बाईचं नाव ॲडेल. लंडनच्या टॉटनहॅममध्ये जन्मलेली. 2008 साली तिचा पहिला ॲल्बम आला ‘19’, आणि 2011 च्या जानेवारीत दुसरा, ‘21’. दोन्ही आकडे ती ती गाणी लिहितानाच्या तिच्या वयाचे. एकविसाव्या वर्षी मी एटीकेटी सोडवत होतो. प्रेमभंग माझाही झाला होता, नाही असं नाही. दोनशे पानी वहीत मी चौदा कविता लिहिल्या होत्या. उरलेली पानं वाया जाऊ नयेत म्हणून आईनं पुढे त्या वहीत दुधाचा हिशोब लिहिला, आणि आज वही चाळताना हिशोबच जास्त हृदयस्पर्शी वाटतो.

खरं तर आपल्याकडे विरहाची कामं वाटून दिलेली असत. पाडगावकरांनी लिहायचं, यशवंत देवांनी चाल लावायची, अरुण दात्यांनी गायचं. तिघांच्या हातून जाता जाता दुःख कसं घडी घातलेल्या धोतरासारखं नीटनेटकं व्हायचं. कुणाचा नक्की कोणी विश्वासघात केला, हे विचारायची सोयच नाही. ॲडेलच्या बाबतीत आडपडदा नाही. शब्दांत ती, चालीत ती, गळा तिचा, आणि जिचं मोडलं तीही तीच. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे कीर्तनकार, टाळकरी आणि विठ्ठल, सगळं एकटीच?”

तिचं मोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती पॉल एपवर्थ नावाच्या निर्मात्याच्या स्टुडिओत पोचली. डोक्यात होतं, छान संथ, रडकं गाणं लिहावं. त्यानं ते उडवून लावलं आणि तिला चिडायला लावलं. संतापानं तिची छाती धडधडत होती. त्या धडधडीचाच ठेका धरून ‘रोलिंग इन द डीप’ उभं राहिलं. मला ह्या माणसाबद्दल फार आदर वाटतो. प्रेमभंग झालेल्याला ‘रड, मोकळा हो’ म्हणणारे चहाच्या टपरीवर ढिगानं मिळतात. ‘पाय आपट’ म्हणणारा एखादाच, आणि तोही नेमका स्टुडिओचं भाडं चालू असताना भेटावा!

पुढे एक गंमत झाली. नमुन्यादाखल गायलेला तो पहिला आवाज नंतर काही केल्या पुन्हा जमेना. शेवटी त्या कच्च्या रेकॉर्डिंगमधलाच आवाज ठेवला. पुतणीच्या खोलीत अहोरात्र चालणारं ‘समवन लाइक यू’ हेही असंच. कॅलिफोर्नियात डॅन विल्सनबरोबर दोन दिवस बसून केलेलं. एक पियानो, एक गळा, बाकी काही नाही. तेही नमुना म्हणूनच गायलं होतं आणि तसंच ॲल्बममध्ये गेलं. फोडणी एकदा जमली की जमली. पुन्हा गरम करायला गेलं की लसूण करपतो.

बाकी गाण्यांबद्दल माझं मत विचारलंत तर दोन-तीन थोडी कमी चालली असती. पण तीन कोटींहून जास्त लोकांनी ॲल्बम विकत घेतल्यावर माझ्या मताला काही भाव राहत नाही.

आईला इंग्रजी येत नाही. पण तिनं लग्नाआधी गांधर्व महाविद्यालयाच्या तीन परीक्षा दिल्या होत्या आणि त्या ती अजून विसरलेली नाही. चौथ्या दिवशी तिनं गवारीचं ताट बाजूला सारलं, कान दाराकडे लावला आणि म्हणाली, “बघ हं, ही सरळ स्वरावर येतच नाही. आधी शेजारच्याला हात लावते, मग घरात शिरते.” मी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नं ‘समवन लाइक यू’वरच लेख छापला. हे गाणं ऐकून लोक का रडतात, असा प्रश्न. त्यात जॉन स्लोबोडा नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा दाखला होता. त्यानं त्या लेखाच्या वीसेक वर्षं आधी श्रोत्यांना विचारलं होतं, संगीत ऐकताना नेमकं कुठे गलबलतं. लोकांनी दाखवलेल्या बऱ्याच जागांत एक गोष्ट सापडली: मुख्य स्वराच्या आधी त्याला टेकून येणारा, किंचित खटकणारा शेजारचा स्वर. कान क्षणभर अडखळतो, मग स्वर घरी येतो आणि जीव सुटतो. पाश्चात्त्य संगीतात त्याला ‘अपोजियातुरा’ म्हणतात. मी आईला धावत जाऊन सांगितलं. तिनं चष्म्यावरून पाहिलं. “कणस्वर म्हणायचंय का तुला? मग कण लावल्याशिवाय डोळ्यांत पाणी येतं होय?” वॉल स्ट्रीटचा विषय तिथेच संपला.

त्याच महिन्यात ॲडेलला एका रात्रीत सहा ग्रॅमी मिळाले. नोव्हेंबरमध्ये बॉस्टनला तिच्या स्वरयंत्रावर शस्त्रक्रिया झाली होती, त्यानंतर ती प्रथमच लोकांसमोर गायली. सगळं चांगलं झालं की आपल्याकडे लांबचे नातेवाईक उगवतात. तिच्याकडेही एक ग्रॅमीच्या आधीच उगवला होता, आणि तिनंच ते एका मुलाखतीत हसत सांगितलं होतं. पहिल्या ॲल्बममधलं दुःख ज्यानं पुरवलं होतं, त्या मुलानं आठवडाभर फोन करून रॉयल्टीतला वाटा मागितला. गंमत म्हणून नव्हे, अगदी मनापासून. गाणी माझ्यामुळे सुचली ना, मग?

पुतणीला मी हे सांगितलं तेव्हा ती बऱ्याच दिवसांनी खळखळून हसली. “काका, उद्या दगडही म्हणेल, ठेच मी दिली, चपलेच्या कंपनीत मला भागीदारी द्या.” त्या संध्याकाळी ती आमच्याबरोबर पिठलं-भात जेवली. स्पीकर बंद होता. आईला चैन पडेना. “आज लावलं नाहीस ते?” तिनं विचारलं. “मला ती वरची जागा ऐकायची होती.”

मग लावलं. मी ‘21’ची माहिती उघडून बसलो. त्यावर अकरा गाणी आहेत. एक ‘द क्युअर’ ह्या बँडचं जुनं गाणं. उरलेल्या दहाच्या दहा गाण्यांच्या लेखकांत ॲडेलचं नाव आहे. एपवर्थ आहे, विल्सन आहे, आणखीही चार-पाच जण आहेत. सोडून गेलेल्याचं नाव कुठेही नाही.