टॉप मॉडेल

दिशांचं ज्ञान माझ्या रक्तातच आहे, असं आमच्या घरात सगळे मानतात. सगळे म्हणजे मी. बाकीच्यांचं मत विचारण्याची वेळ आलेली नाही. एवढं ज्ञान अंगात असताना नेव्हिगेशनवालं टॉप मॉडेल कशाला, असं बायकोनं शोरूममध्येच विचारलं होतं. मी ‘रीसेल व्हॅल्यू’ म्हणालो आणि विषय संपला. गावाकडचं कुणी आलं, की चाव्या फिरवत ‘नकाशा आतच आहे हं, फोन लागत नाही’ हे वाक्य टाकता यावं, एवढ्यासाठी मी ते पैसे मोजत होतो. पण शोरूममधल्या पोरासमोर हे कसं बोलणार?

फोन लागत नाही, हे वाक्य अजूनही अर्धं खरं आहे. नकाशा आतच आहे.

डॅशबोर्डातली बाई इंग्रजी बोलते. बसवनगुडीचं ती ‘बॅसॅव्हॅनॅगूडी’ करते, तेही मी चालवून घेतो. आमच्या ऑफिसातले अर्धे लोक तेच करतात. पण तिला पत्ता सांगणं ही वेगळी तपश्चर्या आहे. आधी राज्य, मग शहर, मग रस्ता, मग घर नंबर, अशी तिची रीत. ती रीत ज्यानं ठरवली त्यानं बंगळूर पाहिलेलं नाही. इथले पत्ते म्हणजे पाढे: चौथा ब्लॉक, नववा मेन, अकरावा क्रॉस. नववा मेन जयनगरात आहे, जे. पी. नगरात आहे, इंदिरानगरात आहे, एचएसआर लेआउटमध्येही आहे. बाई सगळे नववे मेन एकाखाली एक मांडते आणि ‘निवडा’ म्हणते. जयनगरात चौथा ब्लॉक आहे आणि चौथा टी ब्लॉकही आहे. टी म्हणजे टिळकनगर. लोकमान्यांना इतकं थोडक्यात आटोपणं इंग्रजांनाही जमलं नव्हतं.

हे सगळं टाइप करायचं गाडी थांबलेली असताना. गाडी हलली, की सुरक्षेसाठी कीबोर्ड बंद. आता बंगळुरात गाडी थांबलेली आहे की चाललेली, हे खुद्द चालवणाऱ्यालाही नक्की सांगता येत नाही. सिग्नलला मी ‘जयनग’पर्यंत आलेला असतो. पुढची रिक्षा हातभर सरकते. मागचा हॉर्न मारतो. मी हातभर सरकतो. कीबोर्ड गायब. पुन्हा कर्नाटकापासून सुरुवात.

नकाशाचे अपडेट पहिली तीन वर्षं फुकट होते. मी ते तीनही वर्षं घेतले नाहीत, कारण फुकट गोष्टीला घाई नसते. नंतर पैसे लागू लागले आणि माझा नकाशा होता तिथंच थिजला. शहर काही थिजलं नाही. 2024च्या जुलैत रागीगुड्डा ते सिल्क बोर्ड असा दोन मजली पूल खुला झाला: खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो. 2025च्या ऑगस्टपासून त्या वरच्या मजल्यावरून पिवळी मेट्रो धावते. माझ्या नकाशात या इमारतीचा फक्त तळमजला आहे. मी मधल्या मजल्यावरून जात असतो आणि बाई शांतपणे म्हणते, उजवीकडे वळा. उजवीकडे कठडा असतो.

यात तिचा एकटीचा दोष नाही, हे मी वाचून काढलंय. आपण चिडतो त्या गोष्टीचा अभ्यास करायचा म्हणजे चिडण्याला वजन येतं. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरहून वर फिरतात. त्यांतल्या निदान चारांचा संदेश मिळाला, की गाडी कुठं आहे ते काही मीटरच्या फरकानं कळतं. उंची मात्र त्याहून कच्ची कळते. मग आतलं सॉफ्टवेअर काय करतं, तर आपला ठिपका ओढून जवळच्या रस्त्यावर नेऊन ठेवतं. पूल आणि पुलाखालचा रस्ता वरून पाहिले तर एकच रेघ. आणि रस्ता नकाशात नसेलच, तर बाण सरळ वस्तीत शिरतो. आमची गाडी स्क्रीनवर रोज कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून जाते.

हे घडतं कुठं, तर इस्रोचं मुख्यालय असलेल्या गावात. आपल्या ‘नाविक’ या स्वदेशी जीपीएसच्या उपग्रहांचं दिशादर्शन केंद्र शहराबाहेर ब्यालाळूला आहे. म्हणजे आकाशातले उपग्रह नेमके कुठं आहेत यावर बंगळुरातून डोळा ठेवला जातो, आणि मी नेमका कुठं आहे हे बंगळुरातच कुणाला ठाऊक नसतं.

अपडेटची चौकशी करायला मी सर्व्हिस सेंटरला गेलो होतो. काउंटरवरच्या पोरानं संगणकात दर पाहिला, मला सांगितला, माझा चेहरा पाहिला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “सर, हम भी फोन ही यूज करते हैं.” तेव्हापासून आमच्या गाडीत फोन असतो. पण समोर स्टँडवर लावलेला नसतो, तसं केलं तर टॉप मॉडेलचा पराभव काचेवर लटकताना दिसेल. तो मागे बायकोच्या मांडीवर असतो, आवाज बारीक. स्क्रीनवर बाई, मागे बायको, आणि मी दोघींनाही ‘माहितीय’ म्हणत मधून जातो.

अशा व्यवस्थेत आमचे साडूभाऊ नागपुराहून आले.

सकाळचं विमान होतं. देवनहळ्ळीच्या विमानतळावरून आम्ही दक्षिणेला निघालो. साडूभाऊ पुढे बसले, मी माझं वाक्य टाकलं. ते “बरं” म्हणाले. नागपुरी माणसाचं ‘बरं’ म्हणजे मान्यता नव्हे, नोंद. मला ते पुरलं नाही. म्हणून मी लॅम्बटन काढला.

लॅम्बटन हा माझा हुकमी पत्ता आहे. मी मूळचा हिंगणघाटचा, आणि विल्यम लॅम्बटनची कबर हिंगणघाटला आहे. साऱ्या हिंदुस्थानच्या नकाशाला ज्यानं पाया घातला, तो माणूस 1823च्या जानेवारीत हैदराबादेहून नागपूरला जाताना आमच्या गावी वारला. माणूस जन्मला कुठंही असो, जिथं पुरला तिथला. या न्यायानं तो आमचा गाववाला, आणि माझ्या रक्तातल्या दिशाज्ञानाचा उगमही बहुधा तिथलाच. (“नागपूर काही गाठलं नाही म्हणा त्यांनी,” साडूभाऊ म्हणाले. मी दुर्लक्ष केलं.)

लॅम्बटनचं काम सुरू झालं तेच बंगळूरच्या परिसरात. 1800 साली त्यानं इथं मोजणीची तालीम केली. हाताशी पोलादी साखळी होती, शंभर फुटी. तिचीही एक कथा आहे. चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून नेलेल्या वस्तूंतली ती. बादशहानं ठेवून घेतली नाही, म्हणून फिरत फिरत कलकत्त्याला आली आणि लॅम्बटनला मिळाली. परत आलेल्या आहेरावर हिंदुस्थान मोजला गेला. कोन मोजायचं यंत्र तर अर्ध्या टनाचं, थिओडोलाइट. इंग्लंडहून येताना फ्रेंचांनी ते जहाजासकट पकडून मॉरिशसला नेलं; तिथल्या गव्हर्नरनं पेटीत काय आहे ते कळल्यावर अदबीनं मद्रासला धाडून दिलं. शत्रू असावा तर असा. नाहीतर आमचं अपडेटचे पैसे मागणारं दुकान.

1802 साली मद्रासेत त्यानं साडेसात मैलांची पहिली रेघ मोजली. दिवस लागले 57. साखळी लाकडी पेट्यांत ठेवून, खालून समतल करून, थर्मामीटर लावून. का, तर उन्हानं पोलाद लांबतं आणि इंच चुकतो. तिथून टेकडीवरून टेकडी, त्रिकोणावर त्रिकोण रचत ही माणसं बंगळूरपर्यंत आली. आणि इथं 1804 साली पुन्हा सुमारे सात मैलांची रेघ जमिनीवर साखळीनं मोजली गेली. गरज काय होती? गणितानं तिची लांबी आधीच निघाली होती. पण आपण इतके मैल येईतो किती चुकलो, हे पाहायचं होतं. फरक निघाला चार इंचांच्या आत.

“म्हणजे चुकलेच होते,” साडूभाऊ म्हणाले.

मग मी तंजावरवर आलो, कारण तंजावरशिवाय माझा लॅम्बटन पुरा होत नाही. शहाजीराजांची जहागीर बंगळूर, त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे इथून तंजावरला गेले, तिथं मराठ्यांचं राज्य झालं. हे सगळं मी हेब्बाळच्या अलीकडे उरकलं. 1808 साली त्या तंजावरात जवळपास उंचवटा नाही म्हणून लॅम्बटननं ते अर्ध्या टनाचं धूड बृहदीश्वराच्या देवळावर चढवायला घेतलं. दोर तुटला. यंत्र भिंतीवर आपटून वाकडं झालं. दुसरा असता तर त्यानं विलायतेला पत्र लिहिलं असतं. हा तंबूत शिरला, आत कुणाला येऊ दिलं नाही आणि काही आठवडे ठोकून ठोकून ते चक्र पुन्हा गोल केलं.

आणि 1799चं श्रीरंगपट्टण! टिपूविरुद्धच्या लढाईत रात्रीच्या अंधारात जनरल बेअर्डची तुकडी चाललेली. लॅम्बटननं वर तारे पाहिले आणि साहेबाला सांगितलं, आपण उत्तरेला, थेट शत्रूच्या अंगावर चाललोय. साहेब म्हणाला, मला ताऱ्यांना विचारायची गरज नाही. शेवटी खिशातलं होकायंत्र काढलं, उजेडाला काजवा धरला, तर उत्तरच! मी स्टिअरिंगवरून हात काढून काजवा धरून दाखवत होतो. मागून बायको काहीतरी म्हणाली, बाईही काहीतरी म्हणाली, मी दोघींना “माहितीय” म्हणालो.

साडूभाऊंनी समोरचा सनवायझर खाली ओढला. मग डोळ्यांवर हात धरला.

“भाऊ,” ते म्हणाले, “तुमचं घर दक्षिणेला आहे म्हणता ना? मग सकाळी आठ वाजता सूर्य समोरून डोळ्यात काहून घुसून राह्यला?”

समोर नागवाराचा फाटा दिसत होता, आणि त्याच्याही आधी मान्यता टेक पार्ककडे निघालेल्या गाड्यांची रांग. बाई म्हणाली, मार्ग पुन्हा आखत आहे. नकाशात नसलेल्या हेब्बाळच्या कामांमुळे तिचा गोंधळ झाला असणार, असं मी सविस्तर सांगितलं. त्या रांगेत सविस्तर सांगायला भरपूर वेळ होता.

रांगेत बसून साडूभाऊंनी एक साधा प्रश्न विचारला. “ती साखळी ओढली कोणी?”

मी ही गोष्ट कित्येकांना ऐकवलीय, पण त्यात साखळी नेहमी लॅम्बटनच ओढतो. खरं तर ती खलाशांनी, म्हणजे मोजणीवर राबणाऱ्या मजुरांनी ओढली. टेकड्यांवर झेंडे धरून उभे राहिले ते, जंगलातल्या तापानं मेले ते. त्यांची नावं माझ्या गोष्टीत नाहीत. आणि नकाशा अजूनही त्यांच्यासारख्यांच्याच पायांवर चालतो. फोनवर रस्ता लाल दिसतो तो उपग्रहामुळे नव्हे, पुढे अडकलेल्या लोकांच्या खिशातल्या फोनांमुळे; त्यांत जेवण पोचवणारी पोरं केवढी तरी. आमच्या इमारतीचा ठिपका कुणीतरी मागच्या गल्लीत टाकून ठेवलाय. तिथं फाटक नाही, भिंत आहे. पावसात एक पोरगा तिथून फोन करतो: “सर, लोकेशन पे आ गया हूँ, दीवार है.” मग वळसा घालून येतो, पिशवीचं पाणी झटकतो आणि म्हणतो, “सॉरी सर, लेट हो गया.” चूक नकाशाची, सॉरी त्याची. त्याच्या उशिराची नोंद कुठंतरी होते. भिंतीची होत नाही. मी त्या ठिपक्याबद्दल तक्रार केली, तर ‘आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद’ असं उत्तर आलं. भिंत आहे तिथंच आहे, ठिपकाही. आपण किती चुकलो हे पाहायला कुणी सात मैल पुन्हा मोजणारं आता राहिलेलं नाही, आणि याचा मला खरोखर संताप येतो. डॅशबोर्डातल्या बाईचा येतो तो लटका, हा नाही.

साडूभाऊ चार दिवस राहिले आणि परत जाताना विमानतळापर्यंत त्यांनी टॅक्सी केली. “तुम्हाला उगीच त्रास,” म्हणाले.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. जुनी गाडी काढून नवी घेतली म्हणे.

“कोणती?”

“तुमचीच. टॉप मॉडेल.” आणि मग, अगदी सहज: “नकाशा ताजा आहे बरं का. तुमच्या हेब्बाळचा नवा लूपबी दिसते त्याच्यात. सिल्क बोर्डचा पूलबी.”

दुसऱ्या दिवशी मी सर्व्हिस सेंटरला जाऊन अपडेटचे पैसे भरले. काउंटरवरच्या पोरानं कार्ड परत देताना माझ्याकडे काळजीनं पाहिलं. बायकोनं घरी विचारलं, आपण तर फोनच वापरतो, मग हे कशाला? आता तिला काय सांगू! माझ्यापेक्षा ताजं बंगळूर नागपुरात धंतोलीच्या रस्त्यांवरून फिरतंय, हे कुठल्या हिंगणघाटकरानं सहन करायचं?