चाच्यांचे कप्तान

आमच्या सिडकोतल्या बिल्डिंगमध्ये रात्री अकरानंतर एकाच खिडकीत दिवा दिसतो. नव्या भाडेकरूंना वाटतं, कुणाचं तरी पोरगं नीटचा अभ्यास करतंय. प्रत्यक्षात तिथे सत्तेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ कपाळाला बॅटरी आणि डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून, अर्ध्या करंगळीएवढ्या समुद्री चाच्याच्या नाकाला लाली लावत बसलेले असतात. नाक दारुड्याचं आहे. त्याला लाल रंगाच्या तीन छटा लागतात म्हणे.

बिल्डिंग त्यांना कप्तान म्हणते. दिवसा ते वाळूजच्या एका कारखान्यात पेंट शॉपला असतात. तिथे रोबो रंग मारतो आणि हे बघतात. वीस वर्षं दुसऱ्याला रंग मारताना बघत बसलेला माणूस घरी येऊन काय करेल याचा नेम नाही. यांनी चाचे आणले.

खेळ परदेशी, टेबलावर मांडायचा. फासे टाकायचे, पट्टीनं अंतर मोजायचं आणि एकमेकांना लुटायचं. खेळ गमतीचा असल्यामुळे त्यातले चाचे शूर कमी आणि अवलक्षणी जास्त. एकाच्या खांद्यावर पोपटाऐवजी कोंबडी, दुसऱ्याचा लाकडी पाय खुर्चीचा, आचाऱ्याच्या हातात तलवारीऐवजी झारा.

‘पण चाचेच का?’ मी एकदा विचारलं.

‘डोळे,’ ते म्हणाले. ‘अठ्ठावीस मिलिमीटरच्या माणसाला डोळे काढणं सगळ्यात अवघड. आधी काळपट रेघ, मग दोन बाजूंना पांढरे ठिपके. तोवर श्वास धरायचा. एक डोळा सरळ आला की दुसरा हमखास गुलमंडीकडे बघतो. चाच्याला पट्टी असते. निम्मं काम वाचलं.’

बाकीच्या कामात मात्र वाचवावाचवी नाही. आधी प्रायमर, मग पातळ रंगाचे दोन हात, मग वॉश, म्हणजे पाण्यासारखा काळा रंग, जो कपड्यांच्या चुण्यांत उतरून सावली करतो. शेवटी ड्रायब्रश: ब्रशवरचा जवळजवळ सगळा रंग फडक्याला पुसायचा आणि उरलेला उंचवट्यांवर नुसता फिरवायचा. मे महिन्यात आमच्याकडे सगळंच ड्रायब्रश होतं. गच्चीवर स्प्रे मारला, तर रंग हवेतच वाळतो आणि चाच्यावर रवा पेरल्यासारखा बसतो. यावर त्यांनी मुलाच्या जुन्या डब्यात ओला स्पंज ठेवून वर बटर पेपर अंथरलाय. माठाला ओलं फडकं गुंडाळतात, त्यातलाच प्रकार. रंग तासन्‌तास ओला राहतो.

ब्रशासाठी ते औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात गेले, तेव्हा मी बरोबर होतो. तीन शून्यांचा मागितला. दुकानदारानं विचारलं, ‘क्या बनाना है?’

‘चाचा रंगवायचाय.’

‘फोटो लाए क्या उनका?’ दुकानदारानं अदबीनं विचारलं.

समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. कप्तानांचा रोजचा समुद्र म्हणजे पैठणचा नाथसागर, म्हणून त्यांच्या सगळ्या चाच्यांच्या पायाखाली जायकवाडीचा गाळ आहे. पण या गावाचा चाच्यांशी काय संबंध, असं त्यांना विचारू नये. 1695 साली मक्केहून सुरतेकडे येणारं औरंगजेबाचं ‘गंज-इ-सवाई’ जहाज हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्यानं लुटलं. बादशहा एवढा भडकला की सुरतेतले कंपनीचे इंग्रज कैदेत गेले. एव्हरी काही कुणाच्या हाती लागला नाही. शहाजादा असताना औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून इथे राहिला होता, एवढ्या एका दोरीनं ओढत कप्तानांनी ते जहाज खाम नदीत आणून नांगरलंय. खाम नदीत किती पाणी असतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या कर्तबगारीचा अंदाज येईल.

आणखी एक सावधगिरी. ‘यात कान्होजी आंग्रे कोणते?’ असं वरच्या मजल्यावरचे काका एकदा सहज बोलून गेले, आणि पाऊण तास अडकले. कान्होजी चाचे नव्हते, मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल होते. समुद्रात फिरायचं तर त्यांचा दस्तक घ्यावा लागे; दस्तक नसलेलं जहाज धरलं की इंग्रज चाचे चाचे म्हणून बोंबलायचे. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून कुलाब्यावर चालून आले, हात हलवत परत गेले. काकाही तसेच गेले. आंग्र्यांचा पुतळा वेगळ्या फळीवर, देवघराच्या उंचीवर आहे. अजून कोराच. पागोट्याचा रंग पुराव्यानिशी ठरत नाही तोवर ब्रश लावायचा नाही.

आता कुणी विचारेल, की खेळतात कधी? खेळत नाहीत. चाचे पूर्ण झाल्यावर खेळायचं ठरलंय, आणि चाचे पूर्ण होण्याआधी नवे येतात. पलंगाखाली दोन खोकी आहेत, ती वहिनींना माहीत नाहीत असं कप्तान समजतात. चाच्यांना आजवर एकदाच लढाई दिसली. दिवाळीत पोरानं किल्ला केला, मावळे कमी पडले, म्हणून बुरुजावर चाचे उभे केले. मातीच्या मावळ्यांच्या गुडघ्याएवढे. येणारा-जाणारा विचारायचा, ‘ही मावळ्यांची पोरं का?’ खुर्चीच्या पायाचा चाचा महाराजांच्या सिंहासनाजवळ होता. कप्तानांनी तो गुपचूप हलवला.

खरा तंटा पाण्याचा. आमच्या नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे वहिनींनी नियम घातलाय: एका रात्रीला एक वाटी. तांबडा, काळा, सोनेरी, सगळे ब्रश त्याच वाटीत. परवा वहिनींनी चहाही वाटीत आणला, कारण कप घासायला पाणी नव्हतं. कप्तानांनी आचाऱ्याची दाढी चहानं धुतली आणि वॉशचं पाणी प्याले. दाढीला आलेली तपकिरी छटा इतकी झकास होती, की तेव्हापासून ते म्हाताऱ्या चाच्यांना मुद्दाम चहाच लावतात. बिनसाखरेचा. साखरेच्या दाढीला मुंग्या आल्या होत्या.

आणि मग रात्री दोनला नळ खाकरतो. अख्ख्या बिल्डिंगमध्ये जागा असतो तो फक्त हा एक माणूस. ब्रश टाकून, कपाळावरची बॅटरी तशीच, एका डोळ्यावर भिंग घेऊन ते जिन्यात येतात आणि पोटातून आरोळी ठोकतात: ‘पाणी आलंऽऽ!’

चारही मजल्यांवर दारं उघडतात. ड्रम, पाइप, मोटारी. आम्ही सगळे लुंगी सावरत, हुकूम आल्यासारखे धावतो.