सराट्याचे आरोग्यलाभ: नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

लागणारं साहित्य: झिजलेली रबरी चप्पल एक जोड, जुन्या टायरची सायकल, चिमटा, चांगला उजेड. चिनी भाषा येण्याची गरज नाही. संयम असेल तर उत्तम. नसेल तर चिमटा लांब टोकाचा घ्या.

पायरी १: औषधाचं नाव बदलून घ्या

छत्रपती संभाजीनगरात चारचौघांत 'मी रोज सराटे खातो' असं सांगून बघा. समोरचा आधी तुमच्याकडे बघेल, मग तुमच्या घरच्यांकडे. तेच 'एक पारंपरिक चिनी वनौषधी सुरू केलीय' असं म्हणा. लगेच खुर्ची पुढे येते, चहा येतो आणि 'कुठे मिळते हो?' असा प्रश्न येतो. वस्तू एकच. बीड बायपासच्या मोकळ्या प्लॉटवर जमिनीला चिकटून पसरणारी, पिवळ्या पाच पाकळ्यांची, लहानपणी जिला शिव्या घातल्या तीच.

चिनी वैद्यकात या फळाला 'जी ली' म्हणतात. 'शेननोंग बेनत्साओ जिंग' या त्यांच्या सुमारे दोन हजार वर्षं जुन्या ग्रंथात औषधांच्या तीन प्रती केल्या आहेत, आणि सराट्याला वरच्या प्रतीत जागा आहे. दीर्घकाळ घेतल्यास अंगावर मांस चढतं, नजर स्वच्छ होते आणि शरीर हलकं होतं, असा तिथला दावा. मांस चढून शरीर हलकं कसं होतं हे नवशिक्यांनी विचारू नये.

संस्कृतात तो गोक्षुर, काष्ठौषधीच्या दुकानात गोखरू, जिमच्या काळ्या डब्यावर ट्रिब्युलस. प्रत्येक नावागणिक किंमत वाढत जाते. सराटा या नावाने तो फुकट आहे आणि तरीही कुणी घेत नाही.

पायरी २: ओळख पटवा

ही पायरी विनोदात घेऊ नका. आपल्याकडे गोखरू म्हणून किमान तीन झाडं ओळखली जातात.

पहिलं आपलं सराटा, म्हणजे लहान गोखरू. फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्याला दोन लांब, दोन आखूड काटे. दुसरं मोठं गोखरू. ते वेगळ्याच कुळातलं. त्याची ताजी डहाळी पाण्यात फिरवली की पाणी बुळबुळीत होतं. बाजारात ही दोन्ही मिळतात, आणि दुकानदाराने 'मोठं देऊ का लहान?' असं विचारलं तर तो फक्त आकाराबद्दल बोलत नाहीये हे लक्षात घ्या.

तिसरं शंकेश्वर. ओढ्याकाठी, उकिरड्यावर कमरेएवढं वाढतं, त्याची आकडेदार फळं शेळीच्या केसांना आणि तुमच्या पँटला चिकटून घरापर्यंत येतात. यालाही गोखरू म्हणणारे पुष्कळ आहेत. चिनी वैद्यकात हेही आहे, नाकाच्या तक्रारींवर, पण विषारी म्हणून भाजून आणि बेताने. २००७ साली बांगलादेशात सिल्हेट भागात पूर आला. खायला काही उरलं नाही तेव्हा लोकांनी शंकेश्वराची कोवळी रोपं भाजी म्हणून शिजवली. ७६ जण आजारी पडले, त्यातले १९ गेले. तेव्हा 'गोखरूचा पाला' असं कुणी सांगितलं की आधी कोणतं गोखरू ते विचारा, आणि सांगणाऱ्याला जागेवर नेऊन झाड दाखवायला लावा.

पायरी ३: गोळा करा

हंगाम सोपा आहे. मृगाचा पाऊस झाला की उगवतो, श्रावणात फुलतो, आणि नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीला अनवाणी जाणाऱ्यांची रांग लागते तोवर कडक वाळून तयार असतो. श्रावणात शुक्रवारी रात्री शहरातून खुलताबादला भद्रा मारुतीकडे पायी निघणाऱ्यांचं मात्र नशीब बरं. तेव्हा काटा अजून हिरवा असतो.

गोळा करण्यासाठी हात लागत नाहीत. झिजलेली चप्पल घालून मोकळ्या मैदानातून आडवं चालत जा. सराट्याचा तुकडा कसाही पडला तरी त्याचा निदान एक काटा आभाळाकडे तोंड करून असतो. रोमन सैन्य घोड्यांच्या खुरांखाली असेच चार टोकांचे लोखंडी काटे पसरत असे, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये या वनस्पतीच्या शास्त्रीय नावात त्याच हत्याराचं नाव पक्कं केलं: ट्रिब्युलस. चप्पल उलटी करून चिमट्याने माल काढा. जास्त माल हवा असेल तर सायकल न्या. पंक्चरवाले चाचा ट्यूब पाण्याच्या घमेल्यात फिरवत विचारतील, 'मैदान में डाले थे क्या भाई?' हो म्हणा. भोकं मोजून होईपर्यंत दुसरा प्रश्न येणार नाही.

अमेरिकेत सायकलवाल्यांचा हाच छळ होतो. तिथे हे तण बाहेरून गेलं आणि कॅलिफोर्नियापर्यंत पसरलं. शेवटी १९६१ मध्ये भारत, फ्रान्स, इटलीकडे सापडणारे दोन जातींचे सोंडकिडे तिथे मुद्दाम सोडण्यात आले. एक बी पोखरतो, दुसरा खोड. म्हणजे एकाच देशात एका दुकानात सराट्याच्या कॅप्सूल विकायला आणि बाहेर रानात तोच सराटा खायला किडे. व्यापाराला यात काही विसंगती वाटत नाही.

पायरी ४: कुठल्या अवयवासाठी घ्यायचं ते ठरवा

इथे नवशिक्या गोंधळतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. चिनी वैद्य सराटा देतात तो डोकेदुखीवर, लाल आणि पाणावलेल्या डोळ्यांवर, अंगाच्या खाजेवर. त्यांच्या मते तो यकृत शांत करतो. त्याआधी तो कढईत कोरडा भाजतात, पिवळसर झाला की चोळून काटे झाडतात. आपल्या आयुर्वेदात तो दशमुळांतला एक, आणि चरकसंहितेत मूत्रकृच्छ्रावर, म्हणजे अडखळत होणाऱ्या लघवीवर, पहिल्या पसंतीचा. रसायन चूर्णात तो गुळवेल आणि आवळ्यासोबत असतो. आणि बल्गेरियात? तिथे १९८०च्या दशकात 'ट्रिबेस्तान' नावाची सराट्याची गोळी निघाली, वजन उचलणाऱ्या बल्गेरियन खेळाडूंचं नाव तिला चिकटलं आणि सराटा दंडात गेला.

एक फळ, तीन देश: डोळा, मूत्राशय, दंड. एखाद्या औषधाने इतक्या लांबलांबच्या अवयवांवर काम करावं हे शक्य आहे. पण प्रत्येक देशाला आपापल्या तक्रारीवर औषध हवं होतं आणि सराटा सगळीकडे उगवत होता, हेही शक्य आहे. मला दुसरं अधिक पटतं.

पायरी ५: जिममध्ये जा (आणि परत या)

सिडकोत आता गल्लोगल्ली जिम आहे, आणि तिथल्या काउंटरवर एक काळा डबा. त्यावर विजेचा लोळ किंवा गुरगुरणारा लांडगा. 'सर, हे काय असतं?' असं विचारलं की 'टेस्टोस्टेरॉन बूस्टर आहे, नॅचरल' असं उत्तर येतं. डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचा. ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस. नमस्कार करा, ओळखीचा आहे.

आता गंमत ऐका. ट्रिबेस्तानचं माहेर बल्गेरियातलं सोफिया. २००५ साली तिथल्याच संशोधकांनी २१ निरोगी तरुणांवर चार आठवडे सराट्याच्या अर्काचा प्रयोग केला. टेस्टोस्टेरॉन होतं तिथेच राहिलं. २००७ साली ऑस्ट्रेलियात रग्बीच्या २२ अव्वल खेळाडूंवर पाच आठवड्यांचा प्रयोग झाला, काहींना रोज ४५० मिलिग्रॅम अर्क, काहींना नुसती साखरेसारखी निष्क्रिय कॅप्सूल. सगळ्यांनी व्यायाम केला, सगळ्यांची ताकद वाढली, आणि दोन गटांत फरक काही निघाला नाही. व्यायामाने ताकद वाढते हे मात्र सिद्ध झालं, पण ते डब्यात भरून विकता येत नाही.

पूर्ण निकाल एका बाजूला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. लैंगिक तक्रारी असलेल्या १८० पुरुषांवर बल्गेरियात चाचणी झाली, १२ आठवडे. २०१७ साली छापून आलेल्या त्या निष्कर्षात सराट्याची गोळी निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरली. ब्राझीलमधल्या एका छोट्या चाचणीत फरक दिसला नव्हता. शिवाय बल्गेरियाच्या सराट्यात प्रोटोडायॉसिन नावाचं जे द्रव्य भरपूर असतं, ते भारतातल्या नमुन्यांत अगदी कमी सापडलं आहे. म्हणजे तिकडचा अहवाल दाखवून इकडचा सराटा विकणाऱ्याला विचारायला एक प्रश्न तुमच्या खिशात असू द्या.

पायरी ६: मुतखडा

या शहरात गोखरूला खरं गिऱ्हाईक इथेच आहे. एप्रिल-मेचं ऊन, चिकलठाणा-वाळूजच्या शेडमधली पाळी, दिवसभर घाम, आणि पाणी प्यायचं तर स्वच्छतागृह लांब. मग एक दिवस कमरेतून कळ निघते आणि सोनोग्राफीत सात मिलिमीटर लिहून येतं. घरातल्या मोठ्यांकडे उपाय तयार असतो: 'गोखरूचा काढा घे, बाळा. तुझ्या आजोबांचा पडला होता.'

काढ्याची कृती: भरड केलेलं गोखरू एक चमचा, पाणी दोन मोठे पेले, अर्धं होईपर्यंत उकळायचं, गाळायचं, आणि वर दिवसभर भरपूर पाणी प्यायचं. आता ही कृती पुन्हा वाचा आणि घटकांचं माप करा. चमचाभर काटे, आणि बाकी सगळं पाणी.

उंदरांवरच्या प्रयोगांत गोखरूच्या अर्काने खडे बनणं कमी झाल्याचं दिसलं आहे, ते खोटं नाही. पण माणसांवरचा पक्का पुरावा कुणाचा असेल तर तो त्या दुसऱ्या घटकाचा. इटलीत पार्मा इथे पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ जणांना पाच वर्षं तपासलं गेलं. अर्ध्यांना सांगितलं, पाणी इतकं प्या की दिवसाला निदान दोन लिटर लघवी व्हावी. अर्ध्यांना काहीच सांगितलं नाही. १९९६ साली निकाल आला: पाणी पिणाऱ्यांत १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, न सांगितलेल्यांत २७ टक्क्यांना. नुसतं पाणी. डब्यावर लांडगा नाही, चिनी नाव नाही.

आणि नेमकं हेच औषध आपल्या गावात दुर्मीळ आहे. जायकवाडी धरणाचं लोकार्पण १९७६ मध्ये झालं. त्याचा जलाशय, नाथसागर, शहरापासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर. २०२० च्या डिसेंबरात १६८० कोटींच्या नव्या पाणीयोजनेचं भूमिपूजन झालं. तरी कुठल्या भागात नळ किती दिवसांनी येणार याचा हिशेब घराघरातल्या बायका कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, मांडत आल्या आहेत. ज्या गावात गोखरू रोज मिळतं आणि पाणी ठरल्या दिवशी, तिथे लोकांचा विश्वास कशावर बसेल? मी त्यांना हसणार नाही. डॉक्टरने 'रोज तीन लिटर प्या' म्हटलं की घरी जाऊन टाकीचं झाकण उघडून बघावं लागतं. गोखरूसाठी नुसतं अंगण पुरतं.

पायरी ७: किती घ्यावं

नवशिक्याची आवडती समजूत अशी की वनस्पती आहे, जास्त झाली तर काय होणार? इराणमधल्या अठ्ठावीस वर्षांच्या एका माणसाने मुतखड्यासाठी सराट्याचं पाणी दिवसाला दोन लिटर असं दोन दिवस प्यायलं. त्याला झटके आले, यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडले. २०१० साली डॉक्टरांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली. दक्षिण आफ्रिकेतल्या मेंढ्या पाऊस कमी झाला की सराट्यावर चरतात. त्यांचं यकृत बिघडतं, उन्हात तोंड सुजून पिवळं पडतं. शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्याला हे तण नेमकं केव्हा बाधतं ते सांगावं लागत नाही. जिमच्या काउंटरवर सांगावं लागतं.

म्हणून मात्रेसाठी पदवी घेतलेल्या वैद्याकडे जा, आणि जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. मधुमेही बायकांच्या एका चाचणीत गोखरूने रक्तातली साखर उतरली होती. तुमची गोळीही तेच करते, आणि दोघं मिळून किती उतरवतील ते शेजारच्या काकांना माहीत नसतं. गरोदर बाईने यातलं काहीही घेऊ नये. सात मिलिमीटरचा खडा, ताप आणि थंडी एकत्र आली तर काढा चुलीवर ठेवू नका, रिक्षा बोलवा.

नेहमीचे प्रश्न

प्रश्न: चिनी 'जी ली' आणि आपला सराटा यात चांगला कुठला?
उत्तर: पार्सलचा खर्च धरून आपला.

प्रश्न: अंगणातला सराटा कायमचा काढायचा आहे.
उत्तर: फुलं दिसताच मुळासकट उपटा, फळ धरायच्या आत. बी मातीत काही वर्षं जिवंत राहतं, त्यामुळे पुढच्या पावसातही वाका. पाठ दुखली तर त्यावरही गोखरू सांगणारे भेटतील.

प्रश्न: काढा टँकरच्या पाण्यात केला तर चालतो का?
उत्तर: चालतो. उकळा, गाळा, गार होऊ द्या आणि प्या. गोखरू घरात नसेल तर नुसतंच उकळा.