द्राक्षांची चेन, ड्रायव्हरची चैन

‘ॲव्हरेज’ या शब्दाचा अर्थ सरासरी, हे आपण शाळा सुटली तेव्हाच विसरलो. आपल्याकडे ॲव्हरेज म्हणजे गाडीचं चारित्र्य. सोयरीक जमवताना मुलाचा पगार विचारावा, त्याच दबक्या आवाजात पिकअपचं ॲव्हरेज विचारलं जातं आणि पगारासारखंच ते थोडं वाढवूनही सांगितलं जातं. या चारित्र्यावर डाग पाडणारा आरोपी एकच, तो म्हणजे एसी. ‘एसी लावला की गाडी डिझेल पिते’ हे वाक्य मालवाहतुकीच्या धंद्यात इतक्यांदा बोललं गेलंय की त्याला आता पुराव्याची गरज उरलेली नाही. मालकाच्या स्वतःच्या मोटारीतला एसी मात्र काही पीत नाही. तो बहुधा निर्व्यसनी असावा. आणि त्याच पिकअपच्या मागे शीतपेटी बसवून द्राक्षं भरली, तर पुढच्या इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा तो दुसरा कॉम्प्रेसर डिझेल पितो असं कोणी म्हणत नाही. द्राक्षांना गारवा दिला तर ती कोल्ड चेन आणि ड्रायव्हरला दिला तर चैन. फरक एका मात्रेचा आहे.

माझं म्हणणं साधं आहे. एसीची बदनामी तो फार डिझेल खातो म्हणून झालेली नाही. त्याला बटण आहे म्हणून झाली आहे. ज्या खर्चाला बटण असतं, तोच आपल्याला दिसतो. वाऱ्याला बटण नाही, म्हणून तो हिशेबाच्या वहीत कधी सापडत नाही. आता जरा ढोबळ हिशेब मांडू. मागे जाळीचा हौदा बसवलेल्या पिकअपची समोरची बाजू तीनेक चौरस मीटरची धरा, आणि आकार असा की वाऱ्याने बघताक्षणीच हात जोडावेत. ताशी ८० किलोमीटरने ही गाडी पळवायची तर नुसता वारा बाजूला सारायला साधारण साडेपंधरा घोडे लागतात. भर उन्हात जोरात चालणारा एसी चार घोडे घेतो, आणि केबिन एकदा गार झाली की त्याहून कमी. आता हौद्यातले टोमॅटोचे क्रेट केबिनच्या वर अर्धा मीटर चढवा. वाऱ्याला अडवणारं क्षेत्रफळ पाऊण चौरस मीटरने वाढलं की आणखी चार घोडे गेले. म्हणजे एका एसीइतकी ताकद त्या वरच्या दोन थरांनी खाल्ली. पण क्रेट कसे, भाड्याचे पैसे देतात! खरंय. मग एसीला विरोध डिझेलपायी आहे असं म्हणू नका, भाड्यापायी आहे म्हणा. निदान वाद तरी नीट जागेवर येईल.

वारा आपल्याला कळतो, हाच मुळात मोठा गैरसमज आहे. अमेरिकेत पिकअपवाल्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची एक समजूत होती. मागचा फाळका उघडा टाकला की हौद्यात शिरलेला वारा मोकळा निघून जातो आणि पेट्रोल वाचतं. ऐकायला इतकं सरळ की शंका घेणाऱ्यालाच वेड्यात काढावं. प्रत्यक्ष चाचण्यांत उलटंच निघालं. फाळका बंद असला की रिकाम्या हौद्यात वाऱ्याचा एक भोवरा फिरत बसतो, आणि केबिनवरून येणारा प्रवाह त्या भोवऱ्याच्या गादीवरून अलगद मागे सरकतो. फाळका उघडला की गादी फाटते आणि ओढ वाढते. माणसाने बुद्धी लढवून फाळका उघडला आणि पेट्रोल जास्त जाळलं. आपल्याकडे हा प्रश्न उद्भवत नाही, कारण आपल्या पिकअपचा हौदा रिकामा असणं हे मालकाला अपशकुनासारखं वाटतं. पण आपणही काही कमी नाही. मोठ्या ट्रकच्या केबिनवर जिथे वाऱ्याला वर ढकलणारा उतरता पत्रा बसवायचा, तिथे आपण उभा, सपाट मुकुट बसवतो आणि त्यावर आईवडिलांचे आशीर्वाद रंगवतो. आशीर्वाद खरे असतीलच, पण वारा थेट त्यांच्यावरच आपटतो. वर अर्धवट बांधलेली ताडपत्री. तिची फडफड लांबून ऐकू येते, आणि प्रत्येक फटक्याला लागणारी ताकद टाकीतूनच येते. एवढं सगळं अंगावर घेऊन धावणाऱ्या गाडीत काच खाली करून घामाने निथळत बसलेल्या माणसाला कोणी सांगतं, ‘डिझेल वाचव बाबा.’

बरं, डिझेलच वाचवायचं असेल तर वेगाला हात घाला. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो सारायला लागणारी ताकद घनाने. ८० वरून ६० वर आलात की साडेपंधरा घोड्यांचे साडेसहा होतात. उरलेल्या नऊ घोड्यांवर दोन एसी चालतील, दुसरा हवं तर मालकाच्या ऑफिसात बसवा. कमी वेगाने गेलं की वेळ जास्त लागतो, म्हणजे एसीही जास्त वेळ चालतो, हे मान्य. तेही धरून किलोमीटरमागे हिशेब केला, तर एसी लावून ६० ने जाणारी ही गाडी एसी बंद ठेवून ८० ने पळणाऱ्या गाडीपेक्षा थोडं कमीच जाळते. अडचण एकच. दीडशे किलोमीटरच्या वाटेवर अर्ध्या तासाहून जास्त उशीर होतो, आणि बाजार समितीतला लिलाव कोणाच्या वायुगतिकीसाठी थांबत नाही. गंमत अशी की लिलाव गाठायला वाऱ्याच्या वेगाने पळालेली गाडी नंतर बाजाराच्या फाटकावर तासन्‌तास रांगेत उभी असते. ते तास कोणी ॲव्हरेजमध्ये धरत नाही.

यावर जाणकार दोन-तीन रास्त हरकती घेतील, त्या टाळता येणार नाहीत. पहिली इंजिनाची. २००५ साली आलेल्या टाटा एसला, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीला, ७०२ सीसीचं इंजिन आणि सोळा घोडे होते. त्यातले चार एसीने नेले तर हत्तीने चढावर गुडघेच टेकायचे. बरोबर आहे. तशा इंजिनावर एसी लादा असं म्हणणारा माणूस घाट चढलेला नसणार. पण आजच्या दीड टनी पिकअपचं इंजिन सत्तरएक घोड्यांचं असतं. आणि कसारा घाटात एसी दहा मिनिटं बंद केला तर कोणाचं काय बिघडतं? त्याला बटण आहे, हा गुण इथेच तर कामाला येतो. क्रेटचे वरचे दोन थर घाटापुरते बंद करून दाखवा! दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. शहरातल्या खोळंब्यात वाऱ्याचा प्रश्नच नसतो, तिथे एसीचा वाटा मोठा दिसतो. अमेरिकी सरकारचं इंधनविषयक खातंच सांगतं की कडक उन्हात, विशेषतः जवळच्या फेऱ्यांत, एसीमुळे ॲव्हरेज पाव हिश्श्याहून जास्त घसरू शकतं. हे मी लपवत नाही. पण त्याच देशाने २००८ च्या मॉडेलपासून गाडीवर चिकटवायचा आकडा काढताना ३५ अंशांत एसी चालवून घेतलेली चाचणीही धरायला सुरुवात केली. म्हणजे माणूस गाडीत बसल्यावर त्याला उकडतं हे त्यांनी आकड्यात मान्य केलं. आपल्याकडे ॲव्हरेजचा आकडा वर्षानुवर्षं एसी बंद ठेवून काढला गेला, आणि मग खऱ्या रस्त्यावर तो जुळला नाही की दोष पुन्हा एसीचाच. तिसरी हरकत म्हणजे ‘गार हवेत ड्रायव्हरला डुलकी लागते.’ हा सिद्धांत खरा असेल तर विमानाच्या कॉकपिटमध्ये शेगडी ठेवायला हवी.

काच उघडी ठेवायचा सल्ला देणारे लोक मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे फिरकत नसावेत. बाहेर ४५ अंश असताना खिडकीतून येतो त्याला वारा म्हणणं म्हणजे लोहाराच्या भात्याला पंखा म्हणणं. त्वचेहून गरम हवा अंगावर आली की ती उष्णता देऊन जाते. जो काही गारवा मिळतो तो घाम सुकण्याचा, आणि तो घाम ज्याचा त्याने आणायचा असतो. छोट्या मालवाहू गाडीत तर इंजिन सीटखाली, म्हणजे वरून ऊन आणि खालून चूल. मग ड्रायव्हर खिडकीला ओला पंचा बांधतो. या देशात सर्वात जास्त विकला गेलेला वातानुकूलन संच बहुधा हाच.

सरकारला हे कळत नाही असंही नाही. नितीन गडकरी नागपूरचे, त्यांना उन्हाबद्दल कोणी शिकवायला नको. एसी केबिनची कल्पना मांडली तेव्हा खर्च वाढेल म्हणून विरोध झाला, असं त्यांनीच २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. पुढे नियम झाला. २०२५ मध्ये नव्याने बनणाऱ्या मालवाहू गाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. पण कोणत्या? तर एन-२ आणि एन-३ वर्गातल्या, म्हणजे मालासह एकूण वजन साडेतीन टनांच्या वर असलेल्या. त्याखालचा एन-१ वर्ग, म्हणजे गल्लीबोळांत आणि बाजार समित्यांत दिसणारे सगळे छोटे हत्ती आणि बहुतेक सगळ्या पिकअप, या नियमाच्या सावलीबाहेर. म्हणजे सूर्यसुद्धा आता वजनकाटा बघून तापणार. काही कंपन्या पिकअपमध्ये एसीचा पर्याय देतात हे खरं, पण पर्याय निवडतो तो शोरूममध्ये बसलेला मालक आणि त्या शोरूमला एसी असतो.

शीतपेटीची गाडी माल घेऊन गोदामावर पोचली की मागचं दार उघडतात. हातात थर्मामीटर घेतलेला माणूस त्याची लांब सुई क्रेटमधल्या द्राक्षांत खुपसतो, आकडा बघतो, कागदावर लिहितो. पारा ठरल्यापेक्षा वर असला की मालकाला फोन जातो, वाटेत काय झालं, पेटी कुठे बंद पडली, याची चौकशी सुरू होते. तोवर पुढचं दार उघडून ड्रायव्हर उतरलेला असतो. पाठीला चिकटलेला शर्ट सोडवत तो गोदामाच्या उघड्या दारातून येणाऱ्या गार झुळकेत जरा उभा राहतो. सुईवाला त्याला बाजूला व्हायला सांगतो, कारण दार उघडं राहिलं तर आतला गारवा वाया जातो.