पडद्यापलीकडचे बाबा
वर्षभर ऑफिसच्या पैशाने उडून जमवलेल्या मैलांचं फळ म्हणजे सोनेरी कार्ड, आणि कार्डाचं फळ म्हणजे पुढच्या वर्गातली बढती. ती मिळते एकाला, फार तर सोबतच्या आणखी एकाला. कुटुंब मात्र चौकोनी असतं, त्याला विमान कंपनीचा इलाज नाही.

खरी गंमत कागदावर आहे. एप्रिल २०२४मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या नियामकाने, कंपन्यांना बजावलं, की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला आई-वडील किंवा पालकांपैकी निदान एकाजवळ तरी जागा द्या. अट एकच, दोघं एकाच पीएनआरवर हवेत. आणि घरातल्या एकालाच बढती मिळाली की संगणक बऱ्याचदा नेमका तोच पीएनआर फोडतो. बाबांचा निराळा, उरलेल्यांचा निराळा. पूर्वी घराची वाटणी करायला दोन पिढ्यांचं भांडण आणि एक वकील लागायचा.

शिवाय नियमाला एक पालक पुरतो. तो कोणता, हे विचारायची गरज कुठल्याच घरात पडत नाही. बाबा पुढे गरम टॉवेलने बोटं पुसतात, मागे आई मधल्या सीटवरून दोघा मुलांच्या खिडकीच्या भांडणाचा निवाडा करते. मध्येच पडदा सारून बाबा विचारतात, "सगळं ठीक ना?" ही त्यांची पालकत्वाची उपस्थिती.

बढती बायकोच्या नावावर करता येईल का, असं काउंटरवर विचारणारे बाबा मात्र अजून पाहण्यात नाहीत.